दूध जास्त झालेला चहा: जळगावातल्या एका हॉलची केस

पँटोन ही रंगांची अमेरिकन कंपनी दरवर्षी पुढच्या ‘वर्षाचा रंग’ जाहीर करते. डिसेंबर 2024 मध्ये तिने 2025 चा रंग म्हणून मोका मूस जाहीर केला आणि आठवडाभरात पिंप्राळ्याकडच्या एका ताईंचा मला फोन, भाऊ आमचा हॉल मोका करायचाय. मी म्हटलं करू ना. फोन ठेवल्यावर बायकोला विचारलं मोका म्हणजे नक्की कोणता रंग गं, ती म्हणाली चहात कोको पडला की होतो तो. माझं काम इंटिरिअरचं, जळगाव-भुसावळ पट्ट्यात, त्यामुळे दर डिसेंबरला हे होतंच. 2023 ला व्हिवा मॅजेंटा होता तेव्हा एकाने देवघर मॅजेंटा करून घेतलं, 2024 च्या पीच फझने तर मुलांच्या खोल्या भरल्या. पण ही केस जरा सविस्तर लिहायची म्हणून ठेवली होती, कारण यात मी स्वतः एका गोष्टीत साफ चुकलो, आणि दुसऱ्या दोन गोष्टीत थोडा थोडा.

घर असं. रो हाऊस, खाली हॉल-किचन-एक बेडरूम, वर दोन खोल्या आणि गच्ची. 2022 चं बांधकाम, नऊ इंची विटेची भिंत, पाच इंची स्लॅब. हॉल बारा बाय अठरा, त्याची लांब भिंत पश्चिमेला आणि त्या बाजूला रिकामा प्लॉट, म्हणजे दुपारी दोनपासून मावळेपर्यंत ऊन थेट भिंतीवर. बाहेरून सगळं घर चारकोल ग्रे, कारण 2022 ला आपल्याकडे नवीन घर म्हणजे ग्रेच, आणि पुढच्या एलेव्हेशनला लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या. घरात माणसं पाच. ताईंचे मिस्टर, त्यांना मी पण भाऊच म्हणतो, एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर (जळगावची प्लॅस्टिकची चटई कुठंकुठं जाते ते वेगळं सांगायला नको), ताई शिक्षिका, दोन मुलं आणि आजी. आजी मूळच्या यावल तालुक्यातल्या, आयुष्य धाब्याच्या, म्हणजे मातीच्या भिंती आणि मातीचंच छत असलेल्या घरात काढलेलं, जळगावात येऊन तीन वर्षं झाली तरी ‘तुमचं घर’ असंच म्हणतात.

बजेट सात लाख, हॉल किचन आणि खालची बेडरूम. ताईंच्या फोनमध्ये ऐंशी-नव्वद फोटो सेव्ह होते. भिंती, छत आणि दरवाजा सगळं एकाच तपकिरी रंगात बुडवलेलं, टीव्हीच्या मागे फ्लुटेड म्हणजे उभ्या नाल्यांचं पॅनेल, लाइमवॉशची म्हणजे चुन्यासारख्या ढगाळ रंगाची एक भिंत, कोपरे गोल असलेला बुक्ले म्हणजे गाठीगाठींच्या कापडाचा सोफा, ओपन किचन, छताच्या कडेने लपवलेला पिवळा लाइट. खरं सांगायचं तर फोटो सुंदर होते. पण बहुतेक फोटोंमधल्या खिडकीबाहेर बर्फ होता किंवा हिरवीगार झाडी, आणि आपल्या खिडकीबाहेर एप्रिलपासून काय असतं ते आपल्याला माहीत आहे.

पहिल्याच मीटिंगला आजींनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, ‘काऊन रे बाप्पा, घराले काळं फासता का? उन्हायात भट्टी व्हईन.’ मी लगेच आजींच्या बाजूने. ताईंना समजावलं की गडद रंग उष्णता ओढतो, पश्चिमेच्या भिंतीला तर नकोच, ऑफव्हाइट करू. ताई नाराज. भाऊ मोबाइलमध्ये. काम महिनाभर लटकलं.

आता माझी चूक. ताई विज्ञान शिकवतात. त्यांनी फेब्रुवारीत मला सरळ विचारलं, भाऊ ऊन भिंतीच्या आतल्या बाजूला पडतं का? मी गप्प. मग आम्ही केलं असं की आतल्या भिंतीवर दोन बाय दोनचे दोन चौकोन रंगवले, एक तपकिरी एक पांढरा, आणि बाहेरून त्याच भिंतीवर तसाच एक पांढरा चौकोन, बाकी ग्रे होतंच. मी भिंतीला लेसर मारून तापमान दाखवणारी ती बंदूक घेतली, करोनात कपाळाला लावायचे तसली पण जास्त रेंजची. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी चारला हवा 41 होती तेव्हा बाहेरचा ग्रे 61 दाखवत होता आणि त्याला खेटून असलेला पांढरा चौकोन 47. मी बंदूक बिघडली समजून तीनदा मारली. आणि आतले दोन चौकोन? रात्री नऊला दोन्ही 40 च्या आसपास, अर्ध्या अंशाचा पण फरक नाही.

म्हणजे ताईंचं बरोबर होतं. आतल्या रंगाला ऊन लागतच नाही, तर तो तापणार कशाने. भिंत तापते ती बाहेरून, आणि नऊ इंची विटेतून ती उष्णता आत पोचायला सहा-सात तास लागतात, त्यामुळे चारला खाल्लेलं ऊन भिंत रात्री दहाला आत ओकते, नेमकं आपण अंथरूण टाकतो तेव्हा. स्लॅबचं तेच. आपल्याकडे लोक म्हणतात ना की दिवसा घरात बरं वाटतं आणि रात्री जीव जातो, ते हेच. गडद रंगाचा आत एकच तोटा, उजेड पितो, दिवसा पण लाइट लावावा लागतो. आजी पण खोट्या नव्हत्या, घराला काळं फासलेलंच होतं, फक्त ते 2022 ला आणि बाहेरून.

इथून सगळा प्लॅन बदलला. माझ्या जुन्या कोटेशनमध्ये हॉलला पूर्ण जिप्समचं फॉल्स सिलिंग, कोव्ह लाइट (तोच छताच्या कडेने लपवलेला) आणि टीव्हीची पॅनेल भिंत मिळून एक लाख साठ हजार धरले होते. ते काढले. हॉलचं छत आधीच दहा फुटाला थोडं कमी, त्यात फॉल्स सिलिंग केलं की पंखा खाली येतो आणि कूलरची हवा डोक्यावरून फिरायला जागा राहत नाही. त्या पैशातून गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे वॉटरप्रूफिंगवर बसवतात ते, नऊशे स्क्वेअर फुटाला पंचाण्णव हजार. पश्चिमेची भिंत बाहेरून पांढरी, खिडकीवर दोन फुटांचा छज्जा वाढवला आणि भिंतीपासून फूटभर लांब पाइपचा सांगाडा उभा करून त्याला हिरवी शेडनेट. शेडनेटला भाऊ नको म्हणत होते, नर्सरी दिसते म्हणे. आजी म्हणाल्या, ‘दिसू दे, केळीले जपता तसं मानसाले जपा.’ रावेर-यावलकडच्या बाईसमोर केळीच्या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नसतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, हवा 44 असताना रात्री नऊला तीच भिंत आतून 37 दाखवत होती. एप्रिलमध्ये 41 हवेला 40 होती. पूर्ण एसीसारखं झालं असं मी म्हणणार नाही, पण कूलर रात्री एकला बंद करता यायला लागला.

कूलरचं इथं वेगळं सांगतो, कारण इंटिरिअरवाले (माझ्यासकट) कूलर फर्निचरमध्ये धरतच नाहीत. खान्देशात मार्च ते जून घर कूलरवर चालतं. कूलर म्हणजे पाणी मारलेली हवा. समोरची खिडकी उघडी असेल तर ती बाहेर जाते, नसेल तर घरातच साठते आणि सगळं लाकूडकाम ती पिऊन घेतं. ताईंच्या हट्टापायी आणि माझ्या आळसापायी खालच्या बेडरूमला पलंगाच्या डोक्याशी एमडीएफचं फ्लुटेड पॅनेल केलं, रंग मस्त, नाली मस्त, आणि त्याच भिंतीच्या खिडकीत कूलर. जूनच्या पहिल्या पावसाआधीच खालची कड फुगली, तीन नाल्यांचा रंग सोलून आला. एमडीएफ म्हणजे दाबलेला लाकडाचा भुगा, पाणी लागलं की बिस्किटासारखा फुगतो आणि परत बसत नाही. तिथं 710 नंबरचा मरीन प्लाय घेऊन वर सनमायका मारला असता तर हे झालं नसतं. माझ्या खर्चाने काढून दिलं, अकरा हजार गेले. आणि फुगलं नसतं तरी त्या नाल्या रोज पुसणार कोण? आपली धूळ म्हणजे काळ्या मातीची, बारीक पावडर, वावटळ आली की नालीनालीत बसते. हॉलमधलं टीव्हीमागचं पॅनेल रद्द झालं त्याचा ताईंना आता आनंद आहे. तिथं नुसता प्लायचा एक लांब ओटा केलाय, त्याच्या दोन्ही कडा गोल, एवढाच गोलपणा बजेटमध्ये बसला. गोल फर्निचर दिसायला सोपं पण सुतार गोल कडेचे दुपटीने पैसे घेतो, आणि त्याचंही बरोबर आहे, प्लायला वळवायला आतून काप मारत बसावं लागतं.

आता लाइमवॉश. या भानगडीत मला मजा पण आली आणि तोंडावर पण आपटलो.

दुकानात लाइमवॉश म्हणून जे डबे मिळतात त्यातले बरेच अॅक्रिलिकचे असतात, नुसते डाग पाडून चुन्यासारखं दाखवतात. किंमत ऐकून भाऊ म्हणाले एवढ्यात तर खोली होते. मग मीच म्हटलं, खरा चुनाच लावू, आजींच्या गावच्या घराला काय वेगळं होतं. कळीचा चुना आणला, प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये वीस दिवस भिजवला, कापडाने गाळला. सोफ्यामागच्या भिंतीची पुट्टी पूर्ण खरवडून खालचं प्लास्टर उघडं केलं, कारण चुना पुट्टीच्या गुळगुळीत थरात मुरत नाही, प्लास्टरमध्ये मुरतो. रंगाला फरशीत वापरतात ते लाल, पिवळे आणि किंचित काळं ऑक्साइड. गल्लीतला एक म्हातारा रंगारी आला होता, त्याने डिंकाचं पाणी घालायला सांगितलं, घातलं. काथ्याच्या ब्रशने तीन पातळ हात.

आणि हे सगळं मी केलं एप्रिलच्या अखेरीस. दुपारी.

चुना सुकतो आणि चुना पिकतो यात फरक आहे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, आणि त्याला ओल लागते. आपल्या एप्रिलच्या हवेत तो अर्ध्या तासात कोरडाठक, पिकायला वेळच नाही. आठ दिवसांनी धाकटा मुलगा भिंतीला टेकला आणि त्याच्या शाळेच्या शर्टवर पूर्ण पाठ उमटली. ताईंनी मला तो शर्टचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नाही, नुसता फोटो. आजींना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्याकडे चुना कायम दिवाळीआधी लागायचा, पाऊस सरल्यावर, भिंतीत ओल असताना. मी आजींना चार महिने फक्त गोड ऐकवत होतो, हे विचारलं असतं तर शर्ट वाचला असता. शेवटी भिंत घासून सप्टेंबरच्या शेवटी परत केली, आधी पाणी मारून, संध्याकाळी, आणि दोन हातांच्या मध्ये एक दिवस सोडून. आता हाताला लागत नाही. एक गंमत अशी की चुन्यात मिसळलेला रंग सुकल्यावर फार फिका होतो, त्यामुळे आमचा मोका मूस झाला दूध जास्त झालेला चहा. ताईंना तो फोनमधल्या फोटोपेक्षा जास्त आवडला, त्यामुळे मी तो मुद्दाम केल्यासारखा चेहरा केला.

त्याच भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग होती. काळ्या मातीवरच्या घरांना ती असतेच, माती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, पाया जरा हलतो. इंग्रजी व्ही सारखी खाच काढून, फायबरची जाळी टाकून भरली. गुळगुळीत एकरंगी भिंतीवर ती दरवर्षी दिसली असती, चुन्याच्या ढगाळ रंगात शोधावी लागते. मायक्रोसिमेंटचं, म्हणजे सिमेंटचा पातळ सलग थर देण्याचं फॅड आता इकडे पण येतंय, त्यांनी हा मुद्दा डोक्यात ठेवावा.

ओपन किचनवर घरात मोठं भांडण झालं. ताईंना भिंत पाडायची होती. मी म्हटलं ताई तुमच्याकडे हिवाळ्यात आठवड्याला किती वेळा भरीत होतं? तीनदा. शेवभाजी? म्हणजे वांगी भाजल्याचा धूर आणि काळ्या मसाल्याची फोडणी थेट सोफ्याच्या कापडात. चिमणी आहे, पण ठेचा परतताना कुठलीच चिमणी पुरत नाही, पूर्ण घर खोकतं. मधला रस्ता काढला, भिंत पाडली आणि तीन ट्रॅकचा सरकता दरवाजा लावला, उभ्या रेघांच्या काचेचा. नाल्यांची हौस ताईंची काचेत भागली, आणि काच ओल्या फडक्याने एका मिनिटात पुसते. इतर वेळी उघडा असतो. बुक्ले सोफा मात्र बारगळला, त्या गाठीगाठींच्या कापडात धूळ बसली की काढता येत नाही. सुरतहून जाड कॉटन आणलं, साधी कव्हरं, धुता येतील अशी.

लाइटचं थोडक्यात: हॉलला सगळीकडे 3000 केल्विनचा उबदार पिवळा उजेड लावला आणि दुसऱ्या दिवशी आजी ताटात दादर ज्वारी घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या, ‘यातला खडा दाखव मले.’ मला दिसला नाही. ज्वारी निवडायच्या कोपऱ्यात पांढरी ट्यूब आली.

आणि बंगई, म्हणजे लाकडी झोपाळा. गावचं धाब्याचं घर वाटणीत पाडायचं ठरलं होतं, तिथली सागवानी बंगई आजींना इथं हवी होती. ताईंच्या फोटोंमध्ये पण झोपाळे होते, वेताचे, अंड्यासारखे, त्यामुळे या एका मुद्द्यावर सासू-सून पहिल्यांदा एका बाजूला. पितळी कड्या काळ्या पडलेल्या, चिंच लावून घासल्या. स्लॅबला हूक ठेवलेले नव्हते म्हणून बीममध्ये अँकर फास्टनर टाकून चार माणसांचं वजन लटकवून बघितलं, त्यातले दोन आम्हीच, मी आणि सुतार. धाब्याचं घर बघायला मी पण गेलो होतो. दोन फुटी मातीच्या भिंती, कोनाडे, सागाच्या तुळया आणि वर जाड मातीचा थर, ज्यावर दर पावसाळ्याआधी खारी माती टाकायची. मेमधली दुपार होती, पंखा नव्हता, आणि आम्ही आरामात बसून ताक पीत होतो. त्यात गोल कोपरे होते, चुना होता, मातकट रंग होता. पण दरवर्षी माती वर चढवणारी माणसं राहिली नाहीत आणि उंदरांचा त्रास, हे पण आजींनीच सांगितलं, त्यामुळे जुनं ते सोनं वगैरे मी काही लावत नाही.

एकूण खर्च सहा लाख ऐंशी हजार झाला, त्यात माझ्या खिशातले अकरा धरलेले नाहीत.

आता डिसेंबर 2025. पँटोनने 2026 चा रंग जाहीर केला, क्लाउड डान्सर. पांढरा. साधा पांढरा. 2000 सालासाठी सेरुलियन निळ्यापासून हे सुरू झालं तेव्हापासून पांढरा पहिल्यांदाच. ताईंचा रात्री दहाला मेसेज, भाऊ आपण एक वर्ष आधी केलं ना बाहेरून? मी अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी आजींना तो रंग दाखवला म्हणे, त्यांनी फोन लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, ‘चुन्याले नाव कोनी ठेवलं हे?’ आजींचं पांढऱ्या गच्चीशी मात्र अजून जमलेलं नाही. पापड वाळवताना डोळे दिपतात म्हणतात, म्हणून त्यावर भाऊंच्या कंपनीची निळी चटई अंथरतात. मी सांगून बघितलं की चटईखालची जागा तापते, तर म्हणाल्या तापू दे, पापड तरी लवकर वाळतात.

या महिन्यात माझ्याकडे पांढऱ्या हॉलचे दोन जण येऊन गेले. दोघांनाही आधी विचारलं, पश्चिमेला काय आहे, कूलर कुठल्या खिडकीत लावता, गच्चीवर काय टाकलंय. एकजण म्हणाला भाऊ मी रंगाचं विचारायला आलोय. परत येतो म्हणून गेला, अजून आला नाही.

ताईंच्या घराची पुढची बाजू, दक्षिणेची, अजून चारकोल ग्रेच आहे, कारण भाऊंना ती आवडते आणि एलेव्हेशनच्या पट्ट्या तिच्यावरच शोभतात. फेब्रुवारीत ती करायचं भाऊ कबूल झालेत, रंग काही सांगत नाहीत.